गेटर-सेटर लावले की झाले?

महोदय,

अभियांत्रिकीची मुले नोकरीच्या मुलाखतीत का अडकतात, यावर बरेच लिहिले जाते. त्यात माझी एका बारीक गोष्टीची भर. मी सांगलीत पतसंस्थांसाठी वेब सॉफ्टवेअर लिहितो आणि जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ओरलला एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) म्हणून जातो. एन्कॅप्सुलेशन म्हणजे काय, असे विचारले की ठरलेले उत्तर येते: ‘सर, फील्ड प्रायव्हेट करायचे आणि गेटर-सेटर लावायचे.’ जर्नलमध्येही तेच. ‘का?’ म्हटले की मुले एकमेकांकडे बघतात. क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र ठेवणारा कोडचा साचा; त्यातली माहिती म्हणजे फील्ड, कामे म्हणजे मेथड. प्रायव्हेट फील्डला बाहेरचा कोड थेट हात लावू शकत नाही; गेटर ते वाचून देतो, सेटर बदलतो. आतली माहिती बाहेरच्या ढवळाढवळीपासून राखणे, हे खरे एन्कॅप्सुलेशन.

खात्याचा क्लास घ्या. शिल्लक प्रायव्हेट, आणि खाली ‘सेटबॅलन्स’ हा सेटर पब्लिक, म्हणजे सगळ्यांना खुला. त्या मेथडमध्ये एकच ओळ: आलेला आकडा फील्डमध्ये टाका. उणे पन्नास हजार पाठवले तरी ती निमूट घेते. कुलूप लावून किल्ली कुलपालाच लटकवलेली! अहो, पतसंस्थेतला कॅशियर शिल्लक ‘लिहीत’ नाही. तो भरणा घेतो किंवा पैसे देतो. मग क्लासमध्येही ‘भरणा’ आणि ‘उचल’ याच मेथड हव्यात. खाते गोठवलेले आहे का, शिल्लक पुरते का, ही तपासणी तिथेच व्हावी. शिल्लकीला सेटर नकोच. गेटरही बिनधोक नसतो. व्यवहारांची मूळ यादीच त्याने परत केली, तर बाहेरचा कोणीही ती रिकामी करू शकतो, फील्ड प्रायव्हेट असूनही.

ही ‘गेट’, ‘सेट’ नावांची पद्धत रूढ केली ती जावा बनवणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्सच्या 1997 च्या जावाबीन्स नियमावलीने. स्क्रीनवर बटणे मांडून फॉर्म बनवणाऱ्या टूल्सना नावावरून गुणधर्म ओळखता यावेत, ही त्यामागची एक गरज. पुढे वेब फ्रेमवर्कनीही (वेब सॉफ्टवेअर बांधायच्या तयार सांगाड्यांनीही) तीच नावे धरली. सोय होती ती. आपण तिची व्याख्या करून टाकली.

म्हणून सगळेच फील्ड पब्लिक करा, असे मी म्हणत नाही. हायबरनेटमध्ये (जावातून डेटाबेस हाताळायचे टूल) खात्याला जोडलेली शाखा लेझी, म्हणजे गरज पडेल तेव्हाच आणायची, असेल, तर हातात येतो तो प्रॉक्सी: खऱ्या शाखेच्या जागी उभा केलेला बदली. मेथडमधून नाव मागितले तर तो डेटाबेसकडे जाऊन आणतो. थेट फील्ड वाचले तर ‘नल’ (काहीच नाही) मिळते आणि पासबुकावर शाखेची जागा कोरी छापली जाते. पण फॉर्ममधला मजकूर फक्त इकडून तिकडे नेणाऱ्या क्लासला पब्लिक फील्ड चालून जातात, आणि 2021 च्या जावा 16 पासून रेकॉर्ड (फक्त माहिती धरणारे क्लास) तर आहेतच: सेटर नाहीत, वाचायच्या मेथड आपोआप मिळतात, त्यांच्या नावात ‘गेट’सुद्धा नसते. सी-शार्प या दुसऱ्या भाषेत प्रॉपर्टीची (वापरताना फील्डसारखी दिसणारी, आत गेटर-सेटर असलेली) सोय पहिल्या आवृत्तीपासून आहे. आमची मुले मात्र आयडीईच्या (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या) ‘जनरेट’ मेनूतून वीस-वीस मेथड काढतात आणि जर्नलची पाने भरतात.

पेपर काढणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. ‘गेटर-सेटरसह क्लास लिहा’ऐवजी ‘दिलेल्या क्लासमधील कोणत्या फील्डला सेटर नको, ते कारणासह लिहा’ असा चार मार्कांचा प्रश्न एकदा घालून बघा. तपासायला वेळ जास्त लागेल, हे कबूल.

— एक संगणक अभियंता, सांगली