खारकीवच्या त्या वार्ताहर ताईंचे आभार

२ मार्च २०२२ रोजी, रशियाचा हल्ला चालू असल्याने संध्याकाळी सहाच्या आत युक्रेनमधील खारकीव शहर सोडा, वाहन न मिळाल्यास पायी शहराबाहेरचे पिसोचिन गाव गाठा, अशी सूचना आम्हा भारतीय विद्यार्थ्यांना मिळाली, तेव्हा गाडीत शिरता न आल्याने आम्ही चौघी फलाटावरच अडकलो होतो. 'प्रेस' लिहिलेले निळे चिलखती जाकीट घातलेल्या एका स्थानिक वार्ताहर ताईंनी आम्हाला पाहिले, कॅमेरा बाजूला ठेवला, कोणत्या रस्त्यावर मारा चालू आहे ते सहकाऱ्यांना फोन करून विचारले आणि वहीच्या पानावर सुमारे ११ किलोमीटरची वाट आखून दिली. थंडीने पेनची शाई उतरेना, म्हणून त्या ते तळहातांत चोळत होत्या आणि प्रत्येक वळणाची खूण पुन्हा पुन्हा समजावत होत्या. पानामागे त्यांनी युक्रेनियनमध्ये 'आम्ही भारतीय विद्यार्थिनी आहोत' असे लिहिले. तपासणी नाक्यांवर तेच कामी आले. मारा सोसणाऱ्या साल्तिव्का भागातील त्यांच्या आईवडिलांशी दोन दिवस संपर्क नव्हता, हेही त्यांनी आम्ही विचारल्यावरच सांगितले. आम्हाला परतायला देश होता. त्या मात्र कॅमेरा उचलून पुन्हा शहराकडे वळल्या.

ताई, तुमचे नाव विचारायचे राहून गेले. ते पान मी जपून ठेवले आहे. आम्हा चौघींकडून आणि आमच्या घरच्यांकडून तुमचे मनःपूर्वक आभार.