सिस्टर, मनापासून आभार: गुदद्वाराच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि ज्यांच्यासाठी तुम्ही हे केलंत त्यांचीही नावं गुप्तच राहायला हवीत. सोलापुरात एचआयव्हीसह जगणाऱ्या पुरुषांसोबत काम करणारे आम्ही समुपदेशक आणि आउटरीच वर्कर. तुम्ही शिकवलंत ते इतर ओपीडींतही पोचावं, म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय.

रक्त पडतंय, खाज सुटते, बसताना दुखतं असं एखादा पुरुष सांगतो, तेव्हा आपल्याकडे सगळे "मूळव्याध असेल" म्हणून मोकळे होतात. मग मलम, इसबगोल, नाहीतर भिंतीवर जाहिरात रंगवलेला दवाखाना. बोटाने तपासतच कोणी नाही, आणि गाठ महिनोन्महिने मूळव्याधीच्या नावाखाली वाढत राहते. तुम्ही मात्र पेशंट एआरटीवर (एचआयव्हीच्या गोळ्यांवर) आहे आणि पस्तिशी ओलांडली आहे एवढं कळलं, की तक्रार नसली तरी वर्षातून एकदा तपासून घ्यायला लावता.

"गोळ्या नियमित आहेत, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे, मग कशाला?" हे आम्हाला कायम ऐकावं लागतं. एआरटीने एचआयव्ही दबतो, पण हा कॅन्सर बहुतेकदा ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणू, विशेषतः 16 नंबरचा, त्या जागेच्या पेशींत वर्षानुवर्षं टिकू शकतो. ज्यांचा सीडी फोर (रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा) कधीकाळी फार खाली गेला होता, त्यांना धोका अधिक. विडी-सिगारेटने त्यात भरच पडते. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांत हा कॅन्सर वर्षाला लाखात सुमारे 85 जणांना होतो, असं अनेक अभ्यासांचं (बहुतेक पाश्चात्त्य देशांतले) एकत्रित गणित सांगतं. एकूण लोकसंख्येत हेच प्रमाण लाखात एक-दोन आहे.

स्वॅब, म्हणजे तपासणीसाठी गुदद्वाराच्या आतल्या पेशींचा काडीवर घेतलेला नमुना, कसा घ्यायचा, हे तुमच्याइतकं नेटकं आम्हाला कोणी दाखवलं नव्हतं. आदल्या 24 तासांत एनिमा नको, संबंध नको. स्वॅब पॉलिस्टरचा हवा. लाकडी काडीचा कापसी नको, कारण कापूस पेशी धरून ठेवतो आणि काडी मोडू शकते. ओला करायचा तो साध्या पाण्याने. जेली लावली की पेशी झाकल्या जातात, म्हणून स्वॅब आधी आणि जेली लावून बोटाची तपासणी नंतर. हा क्रम उलटला की नमुना वाया जातो. पेशंट डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. स्वॅब चार-पाच सेंटिमीटर आत, मग कडांवर दाब देत, गोल फिरवत, सावकाश बाहेर. अर्धं मिनिट तरी लागलंच पाहिजे. घाई केली की "पेशी अपुऱ्या" असा रिपोर्ट येतो आणि पेशंटला पुन्हा तेच सोसावं लागतं.

आणि तो पंखा! नमुना टिकवणाऱ्या द्रवाची बाटली नसेल तर नमुना काचेवर पसरायचा आणि काच त्याच क्षणी 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायची. सोलापूरच्या मे महिन्यात डोक्यावर पंखा फिरत असेल, तर काच जारपर्यंत पोचायच्या आत सुकते, पेशींची केंद्रकं फुगलेली दिसतात आणि वाचणाऱ्याची फसगत होते. तुम्ही आधी पंखा बंद करता, जारचं झाकण उघडून ठेवता, काचेवर नंबर पेन्सिलीने घालता, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. फॉर्मवर "गुदद्वाराचा स्वॅब" असं स्पष्ट लिहिता. पाकिटावर मात्र एचआयव्हीचा उल्लेख नाही, लाल शाईची खूण नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता हा पेशंटचा हक्कच आहे. तो तुमच्या टेबलावर रोज पाळला जातो.

तुमची एक अट सुरुवातीला आम्हाला जाचक वाटायची: पुढची सोय फोनवर विचारल्याशिवाय स्वॅब नाही. ती योग्यच आहे. रिपोर्टमध्ये दोष निघाला तर पुढे एचआरए लागते, म्हणजे त्या जागेला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून, भिंगातून पाहून, संशयित ठिकाणचा तुकडा काढणं. ते करणारे डॉक्टर आपल्याकडे मोजकेच. सोय नसताना स्वॅब घेतला तर हातात फक्त भीती येते. सोय असेल तर फायदा मोठा आहे: 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अँकर अभ्यासात, 35 वर्षांवरील सुमारे 4,400 एचआयव्हीबाधितांमध्ये, कॅन्सरपूर्व बदलांवर उपचार केल्याने कॅन्सर 57 टक्क्यांनी कमी झाला.

सोय नसेल तिथे बोटाची तपासणी तरी व्हायलाच हवी. दोन मिनिटांचं काम. आधी बाहेरची कातडी आणि जांघेतल्या गाठी, मग बोट आत घालून पूर्ण वर्तुळात. टणक, चिकटलेलं, दुखणारं काही लागतं का ते पाहायचं. कॅन्सरपूर्व बदल बोटाला कळत नाहीत, पण लहान गाठ कळते, आणि लहान गाठ बहुधा रेडिएशन-केमोने बरी होते; शौचासाठी पोटावर पिशवी लावायची वेळ सहसा येत नाही. जिल्ह्यातच, बार्शीला, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, हे तुम्ही घाबरलेल्या माणसाला ज्या शांतपणे सांगता, त्याबद्दल वेगळे आभार.

आता एक मागणं. ही सगळी पद्धत तुमच्या शब्दांत दोन पानांवर लिहून द्या. तेलुगू आणि कन्नड भाषांतर आणि छपाई आम्ही बघतो.

आपले ऋणी,
सोलापुरातले समुपदेशक आणि आउटरीच वर्कर