श्रावणातील ताट आणि प्रथिने

संपादक महोदय,
स. न.

प्रथिने खाल्ली की चरबी जळते आणि वजन उतरते, असे हल्ली व्यायामशाळेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण भर भलत्याच बाजूला दिला जातो.

अन्न पचवण्यासाठीही शरीराची ऊर्जा खर्च होते. प्रथिनांतून मिळणाऱ्या १०० कॅलरींपैकी २० ते ३० या कामी लागतात, तर पिष्टमय पदार्थांच्या बाबतीत ५ ते १०. तरीही रोजच्या जेवणातील २०० कॅलरींचा भात कमी करून तेवढ्याच कॅलरींची प्रथिने घेतली, तर जादा खर्च होतो तो तीस-चाळीस कॅलरींचा, म्हणजे एखाद-दोन बिस्किटांएवढा.

खरा परिणाम होतो तो भुकेवर. प्रथिनांमुळे आतड्यांतून तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके अधिक स्रवतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात आहारातील प्रथिनांचा वाटा १५ वरून ३० टक्क्यांवर नेला, तेव्हा हवे तेवढे खाण्याची मुभा असूनही सहभागी लोकांचे खाणे दिवसाला सरासरी ४४० कॅलरींनी घटले. प्रयोग अवघ्या १९ जणांवरचा होता, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

कोकणात हा प्रश्न पावसाळ्यात विशेष जाणवतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि तिला लागूनच श्रावण येतो, तेव्हा आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरून ठेवलेले सुके मासेही बहुतेक घरांत वर्ज्य होतात. ताटातला भात मात्र तेवढाच राहतो, किंबहुना वाढतो, आणि दुपार कलण्याआधीच हात खारी-फरसाणाकडे वळतो. अशा वेळी महागड्या पावडरीच्या डब्याची गरज नाही. १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. पण पातळ पिठीच्या वाटीत पीठ असते पंचवीसेक ग्रॅम, म्हणजे प्रथिने मिळतात पाच-सहा ग्रॅमच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीनुसार ६० किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. तेव्हा नुसत्या पिठीवर न भागवता मोड आलेल्या कुळथाची, चवळीची किंवा काळ्या वाटाण्याची उसळ वाटीभर घ्यावी, सोबत दही-ताक असावे आणि भात त्या मानाने कमी वाढावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बदल करू नये.

आपल्या दैनिकाने श्रावणातील पाककृती छापताना साबुदाणा-बटाट्यांच्या बरोबरीने उसळींनाही जागा द्यावी आणि प्रत्येक कृतीखाली एका वाढीतील प्रथिनांचे प्रमाण नमूद करावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)