फ्लॅट बघायला जाताना आधी पूररेषा बघा

संपादक साहेब, नमस्कार. दिवाळी जवळ आली की सांगलीत चौकाचौकात फ्लॅटचे बोर्ड लागतात आणि लोक सॅम्पल फ्लॅटमधला सोफा बघून टोकन देऊन मोकळे होतात, हे बघून लिहावंसं वाटलं. आपल्याकडं पहिला प्रश्न पाण्याचाच असायला पाहिजे. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी 45 आहे, म्हणजे काय ते समजून घ्या. बिल्डर म्हणणार "इथं पाणी येतच नाही ओ". शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, तो भिंतीवरची खूणच दाखवेल. निळी (नेहमीच्या पुराची हद्द) आणि लाल (मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराची हद्द) पूररेषा कुठून जाते ते महापालिकेत जाऊन बघावं.

जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर आणि क्यूआर कोड असतो तो स्कॅन करा, प्रोजेक्टची मुदत, मंजूर प्लॅन सगळं मोबाईलवर दिसतं. भाव कार्पेट एरियावरच, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवरच विचारायचा, जिना-लॉबी धरून फुगवलेला सुपर बिल्टअपचा आकडा ऐकूनच घ्यायचा नाही. आणि रजिस्टर ॲग्रीमेंट झाल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत, हा कायदाच आहे, 2016 चा रेरा. तरी लोक "ओळखीतला आहे" म्हणून रोख देतात, काय बोलायचं!

बँकेनं लोन पास केलं म्हणजे टायटल (मालकी हक्क) क्लिअर असंही धरून चालू नका, वकिलाकडून स्वतःचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुनी कागदपत्रं तपासून मालकी आणि बोज्याचा अहवाल, काढा. वकिलाची फी जास्त वाटते, पण मॉड्युलर किचनला कुणी घासाघीस करत नाही!

एक वाचक, सांगली