बाळ रांगत नाही म्हणून झोप उडालेल्या मित्राला

प्रिय बंड्या,

काल रात्री तुझा मेसेज वाचला, लगेच फोन करणार होतो पण घरात सगळे झोपलेले आणि हे फोनवर धड बोलताही येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. छोटू साडेदहा महिन्यांचा झाला, अजून रांगत नाही, तुमच्या सोसायटीतली त्याच्याच वयाची मुलगी सोफा धरून फिरायला लागली, काकू म्हणतात तू आठव्या महिन्यात घरभर रांगत होतास आणि वहिनी रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधत बसते. तो छान हसतो, हाक मारली की वळून बघतो, आधाराशिवाय बसतो, हेही तू लिहिलंयस, पण ते सगळं एका ओळीत आणि न रांगणं पानभर. खरं सांगतो, त्या एका ओळीनेच मला सगळ्यात जास्त धीर आला.

तुला आकडे लागतात हे माहितीये म्हणून आधी तेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास छापला, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत, आपली मुलं दिल्लीतली होती. त्यात हातागुडघ्यांवर रांगण्याची रेंज निघाली साधारण 5.2 ते 13.5 महिने आणि स्वतःचं स्वतः चालण्याची 8.2 ते 17.6. केवढी मोठी रेंज आहे बघ! आणि शंभरातली चारेक मुलं तर अशी रांगलीच नाहीत, कोणी पोटावर सरपटलं, कोणी बसल्या बसल्या सरकलं, कोणी थेट उभं राहिलं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तर 2022 मध्ये त्यांच्या बाळाच्या वाढीच्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. म्हणजे साडेदहाला न रांगणं एवढ्या एकाच गोष्टीवरून कोणी काही ठरवू नये, काकूंनीही नाही आणि ग्रुपवरच्या मावशींनीही नाही.

पण यावर निर्धास्त होऊन गप्प बसावं असंही माझं म्हणणं नाही हं. माझं म्हणणं एवढंच आहे की तारखेकडे बघणं सोड आणि पोराकडे बघ. मागच्या महिन्यात जे जमत नव्हतं ते आता जमतंय का? आधी कलंडायचा, आता हात टेकून सावरतो का? दोन्ही हात सारखे वापरतो का? पाठीवरून पालथा पडतो, पालथ्याचा परत उताणा होतो का? हे रोज आंघोळीच्या वेळी, दुपटं बदलताना तुमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर असतं, फक्त काळजीने ते दिसेनासं होतं.

आमची चिमी दिवस भरायच्या आधी आली ते तुला आठवतंय, त्यामुळे तिचं वय जन्मतारखेपासून न मोजता ड्यू डेटपासून मोजायचं, म्हणजे करेक्टेड एज, ते दोन वर्षांपर्यंत धरतात. (छोटू वेळेवर झालाय, त्याला ही सूट नाही.) तरीसुद्धा ती मागेच वाटायची, कारण ती ढुंगणावर सरकायची, एक पाय दुमडून, एका हाताने जमीन रेटत, अख्ख्या हॉलभर. अशी मुलं बऱ्याचदा चालायला उशिरा लागतात आणि तीही लागली. त्या दिवसांत एकादशीला आईच्या हातून साबुदाणा सांडला, झाडून घेतला तरी एक दाणा लादीवर राहिला. चिमी सरकत गेली, आधी अख्ख्या पंजाने तो ओढायला लागली, दाणा निसटतोय, परत ओढतेय, मग थांबली, अंगठा आणि पहिलं बोट हळूच जवळ आणलं आणि उचलला की चिमटीत! बायकोने धावत जाऊन हातातून काढून घेतला, तोंडातच जाणार होता. पण आम्ही दोघं इतके खूश झालो की बायकोने त्या दिवशी रांगण्याचं नावही काढलं नाही.

आमच्या डॉक्टरांनी काय तपासलं ते सांगतो म्हणजे तुला जायची भीती वाटणार नाही. पाठीवर झोपवून दोन्ही हात धरून हळूच बसतं केलं, मान मागे लोंबकळते का ते बघायला. मग कमरेला धरून, तोंड खाली, हवेत उचललं आणि गादीकडे पटकन झुकवलं, तर चिमीने दोन्ही पंजे उघडून पुढे टाकले, एकाच वेळी. डॉक्टर म्हणाल्या, हेच बघायचं होतं, पडताना सावरायला हात येतायत आणि दोन्हीकडून सारखे येतायत. ना सुई ना मशीन, पाच मिनिटांचं काम.

आता घरात काय करायचं. त्याला जमीन दे रे. तू लिहिलंयस की तो दिवसभर बाउन्सरमध्ये नाहीतर कडेवर असतो, कारण पावसाळ्यात लादी ओलसर आणि टू बीएचकेत सामान फार. सेंटर टेबल उचल, भिंतीला लाव, जाड सतरंजी अंथर, मोजे काढ, पाय उघडे हवेत म्हणजे बोटं पकड घेतात. अजून न सरकणाऱ्या बाळांना जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथं ठेवा आणि सलग तासाच्या वर कुठेही बांधून ठेवू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय. (झोपवायचं मात्र पाठीवरच.) तो बसलेला असताना वाटी-चमचा समोर ठेवू नकोस, बाजूला ठेव, हात पुरेल न पुरेल इतक्या अंतरावर, म्हणजे अंग वळवून, एक हात टेकून त्याला पुढे झुकावं लागेल, रांगण्याची सुरुवात तिथूनच होते. चिडला तर उचल, थोड्या वेळाने परत. आणि व्हिटॅमिन डीचे थेंब चालू आहेत ना? पहिल्या वर्षी रोज 400 आययू (औषधाचं माप, युनिट) सांगतात, बंद केले असतील तर डॉक्टरांना विचार.

वॉकर मात्र घेऊ नकोस, कितीही जणांनी सांगितलं तरी. चाकांच्या वॉकरमध्ये बाळ लटकून बोटांवर ढकलत राहतं, स्वतःचा तोल सांभाळायची वेळच येत नाही, आणि जिन्यावरून, ओट्याजवळ इतके अपघात झालेत की कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. काकूंना आपला लाकडी पांगुळगाडा आणायचा असेल तर तो वेगळा, त्यात पोर स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं, तो नंतर, छोटू धरून नीट उभा राहायला लागला की आणू, आणि कोणीतरी मागे हवंच. काकूंना हे असंच सांग, त्यांना बरं वाटेल.

आणि या गोष्टी दिसल्या तर मात्र महिनाभर वाट बघायची नाही: एकच हात वापरणं, मूठ सतत घट्ट मिटलेली, पाय ताठ किंवा अंग एकदम लुळं, आधी येत असलेलं काही येईनासं होणं. बारा महिन्यांना धरूनही उभा राहिला नाही किंवा अठराला चालला नाही तरीही दाखवायचंच. लवकर कळलं तर फिजिओथेरपी लवकर सुरू होते आणि या वयात मेंदू खूप झपाट्याने शिकतो, म्हणून विचारण्यात कसला आलाय कमीपणा. पैशाची अडचण असेल तर सरकारचा आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्यात तपासणी आणि पुढचे उपचार फुकट असतात, अंगणवाडीत किंवा पालिकेच्या आरोग्य केंद्रात विचार.

वहिनीला सांग, रात्री शोधणं बंद, त्याऐवजी छोटू जमिनीवर खेळतानाचा व्हिडिओ दर आठवड्याला काढून ठेव, डॉक्टरांना दाखवायलाही तोच कामाला येईल. अपॉइंटमेंट या आठवड्यातच घे, माझ्या मते तो ठीक आहे, पण माझं मत आणि तपासणी यात फरक आहे. शनिवारी मला सुट्टी आहे, ठाण्याहून सकाळची ट्रान्सहार्बर लोकल पकडून नेरुळला येतो, सतरंजी मी आणतो, टेबल दोघं मिळून हलवू. डॉक्टरांची वेळ कधीची मिळतेय ते कळव, म्हणजे सोबत जाऊ.

तुझा,
अप्पा