बॅटरीचे रसायन ग्राहकाला कळावे

मा. संपादक,

विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या जाहिरातीत बहुतेकदा नुसते ‘लिथियम बॅटरी’ असते. आत लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी आहे की निकेल-मँगनीज-कोबाल्टची एनएमसी, याचा पत्ता लागत नाही. एनएमसीत तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा मावते, म्हणून पल्ला वाढतो. मात्र अतितापल्यावर तिच्या कॅथोडमधून, म्हणजे धन टोकाच्या पदार्थातून, ऑक्सिजन लवकर सुटतो आणि आगीला तोच बळ देतो. एलएफपीत फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवते, चार्जिंगची आवर्तनेही ती अधिक सोसते, शिवाय महागडे कोबाल्ट लागतच नाही. अडचण अशी, की तिच्या प्रत्येक सेलचे, म्हणजे पॅकमधल्या सुट्या घटकाचे, व्होल्टेज ३.२ व्होल्टच्या आसपास बराच काळ जवळपास स्थिर राहिल्याने उरलेल्या चार्जचा अंदाज चुकू शकतो, म्हणून ती अधूनमधून शंभर टक्के चार्ज करावी लागते. ‘चार्जिंग ऐंशी टक्क्यांलाच थांबवा’ हा सरसकट सल्ला तिला लागू नाही. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत उन्हात उभ्या राहणाऱ्या स्कूटरसाठी मी तरी पल्ला थोडा सोडून एलएफपीच निवडेन. निदान रसायनाचे नाव पॅकवर आणि बिलावर मराठीत छापणे सरकारने बंधनकारक करावे.

– एक वाचक, नागपूर