आमच्या गावच्या आशाताईंना

प्रिय आशाताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलं ते तुम्ही स्वतःहून कुणाला सांगणार नाही. एसटी स्टँडवर बाया विचारायच्या तेव्हा "काकूले बीपीचं दाखवाले नेऊन राहिली" एवढंच तुम्ही सांगायच्या. गावात माझ्या आजाराचा शब्दही तुमच्या तोंडून फुटला नाही. आता तो मी स्वतःच सांगते आहे: मला डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला, लवकर निघाला, आणि तो लवकर निघण्यात आणि त्यानंतरचे सगळे निर्णय धड होण्यात तुमचा हात आहे.

तुम्ही सी-बॅकचे, म्हणजे शुगर, बीपी, कॅन्सरचा धोका आधीच ओळखायचे फॉर्म घेऊन घरोघरी फिरत होता. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा होता. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला शुगर आहे का, हे प्रश्न झाले. पुढचे प्रश्न बायकांचे होते आणि ओसरीत माझे सासरे बसले होते. तुम्ही पेन मिटवला आणि म्हणालात, "काकू, चला आतमंदी, पानी पाजा." मग चुलीपाशी बसून हळू आवाजात विचारलंत: स्तनात गाठ लागते का, बोंडातून रक्तासारखं काही येतं का, आकारात फरक वाटतो का. मला काही जाणवतच नव्हतं, म्हणून मी सगळ्याला नाही म्हटलं. तरी तुम्ही सोडलं नाही. "उपकेंद्रात मॅडम हातानं तपासतात, पाच मिनिटं लागतात, या," म्हणालात. आणि कापूस वेचायला निघालेल्या मला वाटेत गाठून नेलंतच. उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमच्या बोटांना वरच्या बाजूला, काखेच्या दिशेनं, काहीतरी घट्ट लागलं. दुखत नव्हतं, दिसत नव्हतं.

हातानं तपासण्याची किंमत मला पुढे कळली. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांना प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत. 2021 साली निष्कर्ष छापून आले: पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही. माझी पन्नाशी झालेली आहे. मुलीनं मला हे वाचून दाखवलं तेव्हा पहिला फोन तुम्हाला लावला होता, आठवतं?

नागपूरला मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी झाली, आणि रिपोर्ट घरी आला त्या संध्याकाळी आमच्या घरात रडारड झाली. पुतण्या इंग्रजी वाचतो. त्यानं कागदाच्या तळाशी "बायरॅड्स 4 बी" पाहिलं आणि चौथी स्टेज म्हणून सांगून टाकलं. सासूबाईंनी डोक्याला पदर लावला. आमच्या घरचे अंगणात जाऊन उभे राहिले ते परत आतच येईनात. मुलीला फोन गेला, ती पलीकडून रडायला लागली. मी स्वयंपाकघरात पिठाचा हात घेऊन उभी, आणि मला वाटलं की संपलं.

तुम्ही आलात तेव्हा अंधार पडला होता. तुम्ही कागद हातात घेऊन बॅटरीत पाहिला आणि सरळ म्हणालात, "हे मले पुरं समजत नाही. पन स्टेज असं इथं कुठीच लिवलेलं नाही. थांबा." सीएचओ मॅडमना फोन लावून तो स्पीकरवर टाकलात आणि घरातल्या सगळ्यांना जवळ बोलावलंत. आमच्या घरच्यांना तर हात धरून आत आणलंत. मॅडमनी सांगितलं की हा आकडा फोटोवरून आलेल्या संशयाचा आहे, आजाराच्या पायरीचा नाही. एक आणि दोन म्हणजे काळजी नाही, तीन म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा पाहायचं, चार म्हणजे तुकडा काढून तपासायचा, पाच म्हणजे कॅन्सरच असण्याची दाट शक्यता. त्यात चार बी म्हणजे अशा शंभर बायकांपैकी दहा ते पन्नास जणींना कॅन्सर निघतो, बाकीच्यांना निघत नाही. स्टेज ठरते ती तुकड्याची तपासणी झाल्यावर, तीही निघाला तर. त्या रात्री घरात भाकरी झाल्या आणि सगळे जेवले.

जे समजत नाही ते समजत नाही म्हणायचं आणि लगेच समजणाऱ्याला विचारायचं, ही तुमची रीत मला सगळ्यात मोठी वाटते. ज्यांना जास्त कळतं असं आपण मानतो त्यांनीही माझ्याशी असं केलं नाही. एका दवाखान्यात मला सांगण्यात आलं की कशाला एवढ्या तपासण्या, लहानशी गाठ आहे, आठवड्यात काढून टाकू. आमच्या घरचे तयारही झाले होते, कारण एका झटक्यात निकाल लागतो म्हटलं की माणसाला बरं वाटतं. तुम्ही अडवलंत. आधी जाड सुईची बायोप्सी, मग जे ठरेल ते, यावर तुम्ही ठाम राहिलात. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं: काय आहे ते न कळता गाठ काढली आणि कॅन्सर निघाला, तर कडा मोकळ्या राहिल्या की नाही याचा घोळ होतो, काखेचं वेगळं करावं लागतं, आणि बऱ्याचदा दुसरं ऑपरेशन पडतं. बारीक सुईनं नुसत्या पेशी येतात. जाड सुईनं मांसाचा तुकडा येतो, त्यावरून आजार दुधाच्या नळीतच आहे की बाहेर पसरायला लागला ते कळतं, आणि पुढच्या औषधाच्या तपासण्याही त्याच तुकड्यावर होतात.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं: गाठीला लोखंड लागू देऊ नये, लागलं की आजार अंगभर पसरतो. आमच्या भागात हे घराघरात ऐकू येतं. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. "आजी, तुमीच चला नं, डॉक्टरले तुमीच इचारा," म्हणालात आणि सत्तरीपुढच्या बाईला हिंगणघाटहून नागपूरच्या एसटीत बसवलंत. सासूबाईंनी खरंच विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. सुईनं कॅन्सर पसरत नाही, पसरला असता तर आम्ही जगभर ही तपासणी केलीच नसती, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. परत येताना सासूबाई गणेशपेठच्या स्टँडवर मलाच समजावत होत्या.

बायोप्सीच्या आधी तुम्ही मला दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि सुईचा आवाज मोठा येतो, दचकून हलू नका. भुलीचं इंजेक्शन चुरचुरलं. मग खटाक. आवाज माहीत होता, म्हणून मी हलले नाही. तीन-चार वेळा तसंच झालं. सिस्टरनं बाटली दाखवली तेव्हा पाण्यासारख्या औषधात शेवईच्या तुकड्यांसारखे पांढुरके धागे तरंगत होते. त्यावर सगळं ठरणार होतं. नंतर बराच वेळ दाबून धरलं, बर्फ लावला. जागा काळीनिळी झाली आणि हळूहळू उतरली.

रिपोर्टची वाट पाहण्याचे दिवस सगळ्यात वाईट. कॅन्सर आहे हे एका कागदावर आलं, पण कोणत्या जातीचा ते दुसऱ्या कागदावर यायचं होतं. ईआर, पीआर म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का, हर-टू म्हणजे ती वाढवणारं एक प्रथिन, अशी नावं, आणि त्याला आणखी दिवस. या काळात नातेवाईक उपाय घेऊन येत होते. कुणी गोमूत्र सांगितलं, कुणी लांबचा वैद्य. तुम्ही रोज संध्याकाळी यायच्या, बसायच्या, आणि कधीकधी आजाराचं नावही काढायच्या नाहीत. बचत गटाचा हिशेब जुळवायला लावायच्या. मी सचिव असल्यानं वहीत डोकं घालावंच लागे, आणि तेवढा वेळ बरा जायचा.

पूर्ण रिपोर्ट आला: गाठ दोन सेंटिमीटरच्या आत, हार्मोनला प्रतिसाद देणारी, हर-टू निगेटिव्ह, सोनोग्राफीत काख साफ. डॉक्टरांनी दोन रस्ते ठेवले. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून मग शेक (रेडिएशन), किंवा पूर्ण स्तन काढणं. माझ्या बाबतीत जगण्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखे आहेत, असं ते म्हणाले. अमेरिकेत आणि इटलीत दोन्ही प्रकारच्या बायकांना वीस वर्षं पाहिलं गेलं आणि 2002 साली दोन्हीकडचे निकाल छापले, जगण्यात फरक निघाला नाही. स्तन ठेवला तर त्यात पुन्हा येण्याची थोडी शक्यता उरते, म्हणून शेक चुकवायचा नाही आणि दरवर्षी मॅमोग्राफी करायची.

घरात सगळ्यांचं एकच मत होतं, पूर्ण काढून टाका, पुन्हा झंझट नको. त्यांचंही चुकत नव्हतं. शेकासाठी आठवड्यातून पाच दिवस नागपूर, म्हणजे शेत कुणी पाहायचं, राहायचं कुठं. तुम्ही माझ्या बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर मला प्रश्न लिहायला लावले. शेक किती, पंचवीस की पंधरा? केमो लागेल का? विचार करायला किती दिवस घेतले तर चालतील? योजनेत काय बसतं? डॉक्टर त्या पानावरून एकेक प्रश्नाचं उत्तर देत गेले. पंधरा शेक, तीन आठवडे, एकेकाला काही मिनिटं. केमो बहुधा लागणार नाही. आणि थोडे दिवस विचाराला घ्या, महिनोन्महिने मात्र नको.

मग तुम्ही मला पलीकडच्या गावातल्या एका बाईकडे नेलंत, तिची आधी परवानगी घेऊन. तिनं पूर्ण काढून घेतला होता. "लेकरू लहान होतं, रोज शेकाले जाणं माह्याच्यानं झालंच नसतं," ती म्हणाली, आणि ब्लाउजच्या आत शिवलेली कापसाची उशी तिनं संकोच न करता दाखवली. ती बरी आहे, मजेत आहे. तिच्या घरून निघताना मी तुम्हाला विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असत्या तर?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. "काकू, आंग तुमचं आहे," एवढंच. त्या वेळी मला राग आला होता. तुम्ही एक नाव घेतलं असतं तर मी तेच केलं असतं, आणि पुढे काही बिनसलं की मनात तुम्हाला बोल लावला असता, हे मला आज दिसतं. मी स्तन ठेवायचा ठरवला. माझा मीच ठरवला. घरच्यांना मी सांगितलं तेव्हा तुम्ही बाजूला नुसत्या बसून होता, आणि आमच्या घरच्यांनी मान डोलावली.

बाकीचं थोडक्यात लिहिते. रेशन कार्ड आणि आधारच्या झेरॉक्स तुमच्याच पिशवीत होत्या. आपल्याकडे अजून सगळे जीवनदायीच म्हणतात त्या महात्मा फुले योजनेत ऑपरेशन आणि शेक झाले. दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापुढच्या रांगेत तुम्ही उभ्या राहिलात. आधीच्या तपासण्यांचे पैसे मात्र खिशातून गेले, हे इतर बायांनी आधीच धरून ठेवावं. ऑपरेशनच्या वेळी आजार पसरला तर काखेतल्या ज्या लसिकाग्रंथींत आधी पोचतो त्या शोधायला निळा रंग टोचला, दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट निळी झाली. सिस्टरनं सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. काख साफ निघाली, केमो लागला नाही.

हाताचा व्यायाम मात्र तुम्हीच करवून घेतलात. बोटं भिंतीवर मुंगीच्या चालीनं वर न्यायची, आणि जिथं पोचतील तिथं पेन्सिलीची खूण. ओसरीच्या भिंतीवर त्या खुणा पायरीपायरीनं चढत गेल्या. काही दिवशी दुखलं म्हणून मी टाळायला बघायची, तर तुम्ही दारातूनच विचारायच्या, "आजची रेघ कुठं आहे?" आता हात पूर्ण वर जातो. कापूस वेचते, जड ओझं त्या हातानं उचलत नाही. रोजची लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोन कमी करणारी गोळी चालू आहे, सांधे दुखतात, कॅल्शियम घेते.

तुम्हाला महिन्याचा ठरलेला पूर्ण पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला मिळतो. माझ्या चुलीपाशी घालवलेल्या संध्याकाळी त्यात कुठं मोजल्या जात असतील असं मला वाटत नाही. त्या मी मोजते. मनापासून आभार, ताई.

वरच्या आळीतल्या सुनेची मॅमोग्राफी पुढच्या आठवड्यात आहे असं तुम्ही बोललात. ती तयार असेल तर मी तिच्यासोबत येते. शिदोरी मी बांधीन, वही माझीच घेऊ, मागची पानं अजून कोरी आहेत. सकाळची गाडी कितीची धरायची तेवढं कळवा.

तुमची,
बचत गटाची काकू